ठक देवाचे खरे भक्त दुकानदार

तुमच्या कथेतल्या पडक्या नगरीत त्या छोट्या ठक देवाला फक्त चोर भजतात, हे मला पटलं नाही. रोमन लोकांचा मर्क्युरी बघा. व्यापाऱ्यांचा देव तोच आणि चोरांचाही तोच. इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई या रोमन शहरात व्हेरेकुंडस नावाच्या कापडवाल्याच्या दर्शनी भिंतीवर तो रंगवलाय: हातात पैशांची थैली, देवळातून बाहेर पडतोय, आणि त्याच्या पायाशी रंगवलेल्या दुकानात गिऱ्हाईक बसलंय, बाई माल विकतेय.

रोममध्ये तर कमालच. रोमन कवी ओव्हिडने लिहून ठेवलंय, १५ मे रोजी व्यापारी मर्क्युरीच्या झऱ्याचं पाणी आणायचे, तेजपानासारख्या लॉरेलच्या डहाळीने मालावर आणि स्वतःच्या केसांवर शिंपडायचे. मागणं काय, तर आजवरच्या खोट्या शपथा धुऊन टाक, उद्याच्याही पचू देत, आणि गिऱ्हाइकाला फसवण्यातला आनंद दे! (या देवाने स्वतः, हर्मीस या ग्रीक अवतारात, जन्मल्या दिवशीच अपोलो देवाच्या गायी पळवल्या होत्या.)

म्हणून सुचवतो, देवळाऐवजी बाजारपेठेपासून सुरुवात करा. बंद दुकानांच्या भिंतींवर त्याची चित्रं असू द्या, आणि दुकानदार त्याच्याकडे काय मागायचे तेही येऊ द्या.