एचबीएवनसी कमी आलं तरी साखरेची वही बघा
"एचबीएवनसी सातच्या आत आहे, मग पोराच्या किडनीची, डोळ्यांची काळजी कशाला?" असं एकानं मधुमेह असलेल्या पोराबद्दल विचारलंय. एचबीएवनसी म्हणजे रक्तातल्या लाल पेशींना चिकटलेल्या साखरेवरून मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी. आकडा महत्त्वाचाच, पण आमच्या नंदुरबारकडे त्याच्यावर एकट्यावर विसंबू नका. सातपुड्यातल्या भिल्ल, पावरा कुटुंबांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आढळतो. त्यात लाल पेशी नेहमीसारख्या 120 दिवस टिकत नाहीत, पुरेशी साखर चिकटायच्या आतच फुटतात, आणि रिपोर्ट खोटाच कमी येतो.

मी शहाद्याला लॅबमध्ये काम करतो. एक माय टाइप वन मधुमेहवाल्या पोरीला घेऊन आली होती. रिपोर्ट 5.8, आणि तिच्या वहीत ग्लुकोमीटरचे आकडे 260, 310, 285, पेन्सिलीने, वेळेसकट लिहिलेले. ती वही होती म्हणून डॉक्टरांनी इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे हिमोग्लोबिनचा प्रकार ओळखायची तपासणी सांगितली, आणि सिकलसेल निघाला. आता तिची फ्रुक्टोसामाइन ही रक्ततपासणी करतो, त्यातून मागच्या दोन-तीन आठवड्यांची साखर कळते. किडनीसाठी सकाळच्या पहिल्या लघवीतलं अल्ब्युमिन (किडनी बिघडली की लघवीत उतरणारं प्रथिन) आणि क्रिएटिनिन यांचं प्रमाण वेगळं तपासावंच लागतं. आणि सिकलसेलमुळेही लघवीतून अल्ब्युमिन जाऊ शकतं, तेव्हा घरात कुणाला तो असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा.