नेत्रावळीजवळची खाण परत सुरू होणार म्हणतात, जनसुनावणीला काय विचारायचं?

उगेकाठची

नमस्कार मंडळी, जरा मदत हवी आहे. आमचं गाव गोव्यातल्या सांगे तालुक्यात, नेत्रावळी अभयारण्यापासून फार लांब नाही. इतकी वर्षं बंद पडलेली जवळची लोहखनिजाची खाण लिलावात गेली आणि आता पर्यावरण दाखल्यासाठी जनसुनावणीची नोटीस लागलीय. घरात दोन तट पडलेत. बाबांचा ट्रक होता, २०१२ साली एका रात्रीत सगळं बंद झालं तेव्हा कर्जाचे हप्ते चालू होते, मग थोडं सुरू झालं आणि मार्च २०१८ ला परत बंद, तेव्हा शेवटी ट्रक विकला. त्यामुळे ते म्हणतात येऊ दे खाण, निदान गावातली पोरं गाव सोडून जाणार नाहीत. काकांचं कुळागर, म्हणजे माडा-सुपारीची बाग आहे, खाण जोरात होती तेव्हा त्यांच्या पाटाचं पाणी मार्चमध्येच आटायचं आणि पावसात लाल चिखल खालच्या भातशेतीत उतरायचा. ते म्हणतात परत नको म्हणजे नको.

मला दोघांचंही पटतं म्हणून हा प्रश्न. अभयारण्य राहून खाण चालू शकते का खरंच, की हे फक्त बोलायला बरं? आणि सुनावणीत उभी राहिले तर नेमकं काय विचारू? नुसत्या घोषणा द्यायला जायचं नाहीये मला.

विहीर_पातळी

ताई, प्रश्न चांगला विचारलात. मी भूजलाच्या कामात आहे म्हणून पाण्याचंच सांगतो, बाकीचं इतर सांगतील.

आपल्याकडे वर जांभा दगड, त्याखाली मातीचे थर आणि त्याच्याही खाली ओअर, म्हणजे लोहखनिज. यातलं जे भुसभुशीत, पावडरीसारखं ओअर असतं ना तेच पाणी धरून ठेवतं. म्हणजे जो थर कंपनीला विकायचा असतो त्याच थरात गावाचं पाणी मुरलेलं असतं, ही गोष्ट लोकांना कोणी नीट सांगतच नाही. खाण भूजलाच्या पातळीखाली गेली की पीटमध्ये, म्हणजे खाणीच्या खड्ड्यात, पाणी भरतं, काम चालू ठेवायला ते पंपाने बाहेर फेकावं लागतं आणि मग आजूबाजूच्या विहिरी नी झरी त्या खड्ड्याकडे ओढल्या जातात. गोव्यात काही खाणी समुद्रसपाटीच्याही खाली गेलेल्या आहेत. आपल्याकडे पाऊस वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास, घाटात त्याहून जास्त, तरी डिचोली तालुक्यात शिरगावसारख्या गावात विहिरी आटल्या आणि लोकांना कोर्टात जावं लागलं, ते यामुळेच.

म्हणून काकांचा पाट मार्चमध्ये आटतो हा पुरावा आहे, तक्रार नाही. लिहून काढा, कुठली झर, कुठल्या महिन्यापर्यंत वाहायची, खाण बंद असताना आता कधीपर्यंत वाहते. खाण बंद पडल्यावर पाणी परत टिकायला लागलं असेल तर ते सगळ्यात मोठं.

सुनावणीत विचारा: पीटचा तळ शेवटी किती मीटरवर जाणार आणि एप्रिल-मे मधली पाण्याची पातळी किती मीटरवर आहे. हे दोन आकडे शेजारी ठेवले की अर्धं उत्तर मिळतं. मग विचारा पंपाचं पाणी कुठल्या नाल्यात सोडणार, तो नाला कुठे जातो. तुमच्या भागातलं पाणी साळावलीकडे जात असेल तर विषय गावापुरता राहतच नाही, अर्धा दक्षिण गोवा त्या धरणाचं पाणी पितो. अहवालात विहिरी मोजल्या का, कुठल्या महिन्यात मोजल्या हेही बघा, ऑगस्टमध्ये मोजलेली विहीर काय कामाची.

टिप्परमालक_डिचोली

खाणवाल्यांच्या बाजूने कोणीतरी बोलायला हवं म्हणून लिहितोय. वरच्यांनी पाण्याचं लिहिलं ते सगळं खरं आहे, मी नाकारत नाही. पण २०१२ नंतर आमच्या पट्ट्यात काय झालं ते पणजीत बसून दिसत नाही. ट्रक, गॅरेज, टायरवाला, चहाचा गाडा, जेटीवरची माणसं, बार्जवरचे खलाशी, सगळी साखळी एकदम तुटली. घर गहाण टाकून ट्रक घेतलेली माणसं होती. त्यांनी नियम मोडले नव्हते, नियम मोडणारे वेगळे, आणि भोगलं मात्र ह्यांनी.

पण ताई तुझ्या बाबांना माझ्यातर्फे एक सांग. आपण बुडालो ते खाण बंद झाली म्हणून, हे अर्धंच आहे. त्याआधी चीनची मागणी वाढली आणि सगळे सुटले, जे पूर्वी टाकाऊ म्हणून डंपवर, म्हणजे खाणीच्या मातीच्या ढिगावर, फेकलं होतं तेसुद्धा जहाजात भरलं, उसगाव तिस्क नी कुडचडे सावर्ड्याच्या रस्त्यांवर रस्ता ओलांडायला म्हाताऱ्या माणसाला अर्धा तास थांबावं लागायचं. त्या धावपळीतच बेकायदा खाणकामाची चौकशी करणारा शहा आयोग आला आणि मग सुप्रीम कोर्ट. तेव्हा हळूहळू काढलं असतं तर आज धंदा असता असं मला मनापासून वाटतं. २०१४ च्या निकालात कोर्टाने वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घातली तेव्हा आमच्यातले खूपजण चिडले होते. मला ती मर्यादा ट्रकवाल्याच्या फायद्याची वाटते, कारण मोठ्या कंपनीला पाच वर्षांत उपसून निघून जाता येतं, आपल्याला नाही जाता येत.

त्यामुळे तू विचार, ही खाण किती वर्षं चालणार, दरवर्षी किती टन, दिवसाला किती गाड्या कुठल्या रस्त्याने, आणि गाड्या गावच्या लागणार की कंपनी स्वतःच्या मोठ्या गाड्या आणणार. हे शेवटचं लिहून घे. तोंडी शब्दावर आम्ही एकदा राहिलो.

कायदा_कोपरा

कायद्याचं थोडक्यात. अभयारण्याच्या आत खाण नाही आणि हद्दीपासून १ किलोमीटरच्या आतही नाही. गोव्यासाठी हे २०१४ च्या निकालात आलं. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने सगळ्या देशासाठी किमान १ किलोमीटरचा संवेदनशील पट्टा सांगितला, एप्रिल २०२३ मध्ये तो आदेश बराच सैल केला कारण घरं-शेती सगळंच अडकत होतं, पण खाणींवरची १ किलोमीटरची बंदी तशीच ठेवली.

मेख कुठे असते तर मोजण्यात. अंतर पीटपासून मोजलंय की लीजच्या, म्हणजे खाणीसाठी दिलेल्या जमिनीच्या, हद्दीपासून? आणि डंप कुठे? लीजबाहेर डंप टाकता येणार नाही हेही त्याच २०१४ च्या निकालात आहे. नकाशा मागा, त्यावर अभयारण्याची हद्द, लीजची हद्द, डंप, रस्ता सगळं दाखवलेलं हवं.

आणि बंद करणं शक्यच नाही असं कोणी म्हटलं तर कर्नाटकातलं कुद्रेमुख सांगा. राष्ट्रीय उद्यानातली लोहखनिजाची खाण, तीही सरकारी कंपनीची, मंगळूरपर्यंत घाटातून पाइपलाइन टाकलेली, एवढा पसारा सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने २००५ च्या शेवटी थांबला. भद्रा नदीच्या वरच्या अंगाला होती ती.

म्हादईपारचा

मी सत्तरीतला, म्हादई अभयारण्यातल्या गावातला. इथे सगळे अभयारण्य अभयारण्य करतात म्हणून आमचंही ऐका. १९९९ साली राज्यपाल राजवटीत म्हादई आणि नेत्रावळी दोन्ही अभयारण्यं जाहीर झाली. जंगल वाचलं, खाणी आत घुसल्या नाहीत, हे खूप मोठं काम झालं, मी स्वतः हे मानतो. पण आमच्या जमिनीच्या हक्कांचे दावे वर्षानुवर्षं लटकले. आजोबांपासूनची काजूची बाग, कागदावर आमची नाही. बागेत रस्ता करायचा तर वन खातं अडवतं, आणि डोंगरापलीकडे लीजवाल्याला मात्र मोजून १ किलोमीटर सोडला की मशिनरी लावता येते. हे बघितल्यावर माणसाला जंगलाचा राग येतो. २०२० च्या जानेवारीत गोळावलीत वाघीण आणि तिचे तीन बछडे मेलेले सापडले, विष घातलं होतं. त्या दिवशी मला रडू आलं. कोणाचीही बाजू घेत नाही, पण तिथल्या धनगर कुटुंबांच्या गुरांचं, नुकसानभरपाईचं कोणी आधी बघितलं असतं तर ते घडलं नसतं असं मला आजही वाटतं. आता व्याघ्र प्रकल्पाचं प्रकरण कोर्टात आहे, २०२३ ला हायकोर्टाने जाहीर करा म्हणून सांगितलं, सरकार सुप्रीम कोर्टात गेलं.

तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर: चालू शकते, पण आधी जंगलाच्या आतल्या माणसाचा हक्क कागदावर आला पाहिजे. तोच माणूस हद्द राखतो, वन खात्याचा एक गार्ड किती डोंगर बघणार. सुनावणीत जिल्हा खनिज निधीचं विचार. खाणीमुळे ज्यांचं नुकसान होतं त्यांच्यासाठीच तो पैसा आहे, कायद्यातच आहे २०१५ पासून. तुमच्या गावाला आजवर त्यातून काय मिळालं ते विचार, सभेत सगळ्यांसमोर.

तिनसुकिया_रिटर्न

तेलाचं एक उदाहरण देतो, गोव्यात तेल नाही पण शिकण्यासारखं आहे. नोकरीनिमित्त काही वर्षं वरच्या आसामात होतो. तिथे दिब्रू-सैखोवा राष्ट्रीय उद्यानाला अगदी लागून बागजानची गॅसची विहीर, २७ मे २०२० ला फुटली, ९ जूनला पेटली, आग विझवणारे दोन जवान गेले, आणि पूर्ण विझायला नोव्हेंबर उजाडला. शेजारचं मागुरी-मोतापुंग बील म्हणजे पक्ष्यांचं मोठं पाणथळ, त्यावर तेलाचा तवंग. हजारो लोक छावण्यांत. विहीर उद्यानाच्या हद्दीबाहेरच होती. म्हणून हद्दीबाहेर आहे एवढ्यावर समाधान मानू नका, काही बिघडलं तर पहिल्या तासात कोण काय करणार हा आराखडा मागा. खाणीत स्फोट नसेल होत तसा, पण पावसाळ्यात डंप सरकतो, बांध फुटतो, त्याचा आराखडा असायला हवा.

दुसरं, इक्वाडोरमध्ये ऑगस्ट २०२३ ला लोकांनी थेट मतदान करून यासुनी राष्ट्रीय उद्यानातल्या एका ब्लॉकचं तेल जमिनीतच ठेवा म्हणून सांगितलं, ५९ टक्के मतं. पण पुढे सरकारला विहिरी बंद करायला जमेना, कारण बजेटच तेलावर उभं. आपल्याकडे २०१४ च्या निकालाने विक्रीच्या १० टक्के रक्कम कायम निधीत ठेवायला लावली, पुढच्या पिढीसाठी, तो विचार मला फार मोलाचा वाटतो. खनिज एकदाच विकता येतं.

उगेकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. बाबांना टिप्परमालक दादांचं वाचून दाखवलं, ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले गाड्यांचं आणि वर्षांचं मी विचारतो, तू पाण्याचं विचार. काकांबरोबर बसून झरींची यादी करतेय. माझं मत आता असं झालंय की पाण्याच्या पातळीच्या वर, ठरवलेल्या टनात, डंप लीजच्या आत असेल तर विरोध करणार नाही, पण पातळीखाली जाणार असतील तर एक टनही नको. हे असं अटी घालून बोललेलं चालतं का? की हो किंवा नाही एवढंच धरतात?

कायदा_कोपरा

चालतं, उलट तसंच बोला. सुनावणी म्हणजे मतदान नव्हे, हात वर करून मोजत नाहीत. नोटिशीनंतर किमान ३० दिवस मिळतात, तेवढ्यात लेखी निवेदन प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे द्या आणि तुमच्या प्रतीवर पोच घ्या. अहवालाचा सारांश स्थानिक भाषेतही मिळायला हवा, मिळाला नसेल तर हेच पहिलं वाक्य म्हणून नोंदवा. सगळं व्हिडिओवर घेतात. शेवटी इतिवृत्त लोकांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवणं बंधनकारक आहे, तेव्हा बहुतेक लोक घरी गेलेले असतात. तुम्ही थांबा, बाबांना आणि काकांनाही थांबवा, आणि तुमचा पाण्याच्या पातळीचा मुद्दा आकड्यासकट त्यात आला नसेल तर तिथल्या तिथे उठून घालायला लावा.