मग 'मेरिली वी रोल अलाँग' या म्युझिकलचं, म्हणजे गाण्यांच्या नाटकाचं, काय?
वर कोणीतरी म्हटलंय की न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरची रिव्हायव्हल्स (जुनी नाटकं पुन्हा बसवणं) म्हणजे जुनंच नाटक नवा स्टार घेऊन विकणं, हे मला अजिबात पटलं नाही. मेरिली १९८१ ला १६ प्रयोगांत बंद पडलं होतं, संगीतकार साँडहाइमची गाणी तेव्हाही जबरदस्तच होती हो, पण गोष्ट उलटी, चाळिशीतून मागे मागे तरुणपणात जाणारी आणि नट सगळे कोवळे, लोकांना कोण कोण तेच कळेना, पात्रांची ओळख छापलेले स्वेटशर्ट घालायची वेळ आली! दिग्दर्शिका मारिया फ्रीडमनने २०२३ ला मोठ्या वयाचे कलाकार घेऊन तेच बसवलं आणि पुढच्या वर्षी बेस्ट रिव्हायव्हलचा टोनी, ब्रॉडवेचा सगळ्यात मोठा पुरस्कार. त्यात हॅरी पॉटरवाला डॅनियल रॅडक्लिफ होता, त्याच्यामुळे तिकिटं खपली असतील, मान्य, पण जोनाथन ग्रॉफने नायक फ्रँक काय उभा केलाय!