शब्दचर्चा: ‘रीरोल’ आणि ‘पुश’ यांना मराठीत एकच शब्द चालेल का?

सहाबाजू
पुण्यात मराठीतून आरपीजी (पात्र घेऊन, फासे टाकत खेळायचे रोल-प्लेइंग गेम) खेळणाऱ्या गटांसाठी नियमांचं दोन पानी टिपण करतोय. बाकीच्या संज्ञा मार्गी लागल्या, ‘रीरोल’ आणि ‘पुश’ या दोन अडल्या आहेत. दोन्हींत फासे पुन्हा टाकले जातात म्हणून सध्या दोन्हीकडे ‘फेरफासे’ लिहिलंय, फेरमोजणी-फेरपरीक्षेच्या चालीवर. कुणाला खटकतंय का?

कवडी
रीरोलसाठी ‘फेर-’ ठीक आहे, पुशसाठी नको. फेरपरीक्षेत पुन्हा नापास झालात तर होता तिथेच राहता. कॉल ऑफ क्थुलू या भयकथांच्या आरपीजीच्या सातव्या आवृत्तीत (२०१४) पुश केलेलं दान फसलं की पात्र आधीपेक्षा वाईट जागी जातं. तो धोका शब्दात दिसला नाही, तर नवा खेळाडू पुश म्हणजे फुकटची दुसरी संधी समजतो आणि प्रत्येक फसलेल्या दानावर मागतो.

उदाहरण घ्या. काळ १९२० च्या दशकातला, पात्र भारत इतिहास संशोधक मंडळात बसून मोडी कागद लावतंय. कौशल्य ४५, म्हणजे शंभरी फाशांवर (दोन दशबाजू फासे मिळून १ ते १००) ४५ किंवा कमी पडायला हवेत. ६२ पडले, म्हणजे फसलं. आता खेळाडूला नुसतं ‘परत टाकतो’ म्हणता येत नाही. पात्र वेगळं किंवा जास्त काय करतंय ते सांगावं लागतं: कंदील लावून रात्रभर बसतो, चिकटलेली पानं वाफेवर सोडवतो, कारकुनाला पैसे देऊन कागदांचा दुसरा रुमाल (गठ्ठा) काढायला लावतो. मग कीपरने (खेळ चालवणाऱ्याने) काय बिघडू शकतं त्याची चुणूक द्यायची. पान फाटेल, चुकीचं गाव वाचलं जाईल, कारकून वर कळवेल. ते ऐकून खेळाडू मागे हटू शकतो. हे तिन्ही झालं की मगच फासे.

टेबलावर सगळ्यात जास्त गोंधळ दुसऱ्या पायरीवर होतो. परिणाम आधी सांगितला नाही, तर फासे पडल्यावर कीपर जे काही म्हणेल ते शिक्षेसारखं वाटतं.

मुळाकाठ
सहमत. आकड्यांतही लोक फसतात. ४५ कौशल्याला पुशसकट एकूण यशाची शक्यता ६९.७५ टक्के येते, कारण दोन्ही वेळा फसण्याची शक्यता ०.५५ गुणिले ०.५५. पण हा आकडा पहिले फासे पडायच्या आधीचा. पुश करू का, हे विचारायची वेळ येते तेव्हा पहिलं दान फसलेलं असतं आणि हातात फक्त ४५ टक्के उरतात. त्याच क्षणी ५५ टक्के शक्यता जास्त वाईट परिणामाची असते. टिपणात हे दोन्ही आकडे शेजारी शेजारी द्या.

शब्दाचं म्हणाल तर ‘ताणणे’ सुचवेन. ‘दान ताणलं.’ म्यूटंट: इयर झीरो (२०१४) आणि त्या घराण्यातल्या खेळांना हा शब्द चपखल बसतो, कारण तिथे किंमत थेट अंगावर आणि हत्यारावर निघते. सहा बाजूंचे फासे तीन रंगांचे असतात: गुणाचे (ताकदीसारख्या अंगभूत गुणाचे), कौशल्याचे, साधनाचे. ६ म्हणजे यश. पुश करताना ६ तसेच ठेवायचे. गुणाच्या आणि साधनाच्या फाशांवरचे १ सुद्धा तसेच ठेवायचे. बाकीचे पुन्हा टाकायचे. कौशल्याच्या फाशावरचा १ निरुपद्रवी, तो उचलता येतो. शेवटी गुणाच्या फाशांवर जितके १, तितकी त्या गुणाला इजा. साधनाच्या फाशांवर जितके १, तितकं साधन झिजतं.

समजा फक्त गुणाचे ४ फासे आहेत आणि १, ३, ४, ५ पडले. पुश केलं नाही तर त्या १ चं काहीच होत नाही. केलं तर एक इजा ठरलेली. उरलेल्या तीन फाशांवर किमान एक ६ यायची शक्यता ४२ टक्के, आणखी एखादा १ यायचीही तेवढीच. म्हणजे पुश करण्याआधी किती १ पडलेत ते मोजायचं. बरेच जण ६ नाहीत एवढंच बघतात आणि सगळेच फासे गोळा करून टाकतात. इजा तिथेच पुसली जाते आणि नियमाचा जीव जातो.

शनवारपेठ
वर्णन नेमकं आहे, पण ‘ताणणे’ला माझा विरोध. त्याच घराण्यातला एलियन (२०१९) मराठीत आणा. तिथे ‘स्ट्रेस’ला ताण म्हणण्यावाचून पर्याय नाही. पुश केलं की ताण एकाने वाढतो आणि ताणाचा एक जादा फासा लगेच हातात येतो. ‘दान ताणलं की ताण वाढतो, मग ताणाचा फासा टाका’ हे वाक्य टेबलावर मोठ्याने म्हणून बघा. क्रिया कुठली आणि मोजमाप कुठलं, कळत नाही.

म्हणून ‘रेटणे’. रेटा दिला, रेटून नेलं. कुणी म्हणेल की ‘खोटं रेटणे’सारखा हट्टाचा वास येतो. यायलाच हवा. पात्र फसल्यावरही माघार घेत नाही, तीच ही कृती आहे.

एलियनमधला हिशेबही टिपणात असू द्या. ताण ३ असताना दान फसलं, म्हणजे ६ एकही नाही. ताणाच्या फाशावर १ असेल तर रेटताच येत नाही, सरळ घबराटीचं दान. १ नसेल आणि रेटलं, तर ताणाचे ४ फासे पडतात आणि त्यांत किमान एक १ यायची शक्यता जवळपास ५२ टक्के. आला, तर घबराटीचं दान: एक सहाबाजू फासा अधिक ताण, म्हणजे इथे ४. बेरीज ६ पर्यंत असेल तर पात्र सावरतं, ७ पासून पुढे बिघडत जातं. गंमत अशी की ताणाच्या फाशांवरचा ६ सुद्धा यशच असतो, म्हणून थोडा ताण हवाहवासा वाटतो. आणखी रेटायचा मोह तिथूनच होतो.

कवडी
‘रेटणे’ला माझं मत. मात्र ‘दान रेटणे’ की ‘प्रयत्न रेटणे’? दान म्हणजे फाशांवर पडलेलं फळ. पडलेलं फळ रेटता येत नाही, प्रयत्न रेटता येतो. क्थुलूत तर कृती बदलून सांगावी लागते, म्हणून तिथे ‘प्रयत्न’च बरोबर.

सहाबाजू
मग रीरोलला ‘फेरफेक’ कसं वाटतं? नाणेफेक रुळलेलीच आहे.

शनवारपेठ
कानाला चांगलं आहे, पण दशबाजू फासे जवळ नसले की ० ते ९ च्या चिठ्ठ्या दोनदा काढून खेळ चालतो. पहिली चिठ्ठी परत टाकायची आणि मग दुसरी काढायची, नाहीतर ११, २२ कधीच येणार नाहीत. तिथे फेकण्यासारखं काही नसतं. ‘फेरदान’ घ्या. सारीपाटात दान मागतात, दान पडतं, त्यामुळे दानधर्माशी घोळ होणार नाही.

मुळाकाठ
फेरदान मान्य. पण फेरदानातही दोन जाती आहेत आणि तुमच्या टिपणात त्या एकत्र झाल्यात. सॅव्हेज वर्ल्ड्समध्ये बेनी (खेळाडूला मिळणारं टोकन) खर्चून फेरदान घेतलं तर दोन्हींतलं बरं दान ठेवता येतं. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या २०२४ च्या नियमांत हिरोइक इन्स्पिरेशन (राखून ठेवलेली फेरदानाची संधी) खर्च केलं की नवं दान पत्करावंच लागतं, मग ते पहिल्याहून वाईट का असेना. पहिल्याला ‘निवडीचं फेरदान’ म्हणा, दुसऱ्याला ‘बांधील फेरदान’. वीसबाजू फाशावर ९ पडले असतील आणि १० हवे असतील, तर हा फरक क्षुल्लक, कारण फसलं ते फसलंच. इजेच्या फाशांवर मात्र तो जाणवतो. आठबाजू फाशावर ५ पडले असताना बांधील फेरदान घेणं तोट्याचं, कारण नव्या फाशाची सरासरी ४.५.

व्हॅम्पायर या खेळाची पाचवी आवृत्ती यात आणखी निराळी. विलपॉवरचा (मनोबलाचा) एक गुण खर्चून साधे फासे जास्तीत जास्त तीन उचलता येतात, रक्ताच्या भुकेच्या फाशांना हात लावता येत नाही. त्याला ‘अंशतः फेरदान’ पुरेल.

कवडी
वॉरहॅमर फँटसीची चौथी आवृत्ती विसरू नका. फॉर्च्यूनचा (नशिबाचा) गुण खर्चून फसलेल्या दानाचं फेरदान मिळतं. तेही फसलं तर ‘डार्क डील’: करप्शनचा एक गुण स्वतःहून घ्यायचा आणि तेच दान आणखी एकदा टाकायचं. इथे ‘भ्रष्टता’ लिहू नका, लाचलुचपत आठवते. ‘कीड’ लिहा: ‘एक कीड घेऊन काळा सौदा.’ रेटणे आणि काळा सौदा वेगळे ठेवा. सौद्यात किंमत आधी चुकवलेली असते आणि यश मिळालं तरी कीड राहते. क्थुलूत रेटलेला प्रयत्न साधला तर काहीच देणं लागत नाही.

सहाबाजू
मग मसुदा असा करतो:

‘फेरदान: किंमत आधी मोजून तेच दान पुन्हा घेणे. बरं दान निवडता येतं की नवं पत्करावं लागतं, ते त्या त्या खेळात पाहावे.
प्रयत्न रेटणे: फसल्यावर माघार न घेता पुन्हा दान घेणे. फसल्यास, काही खेळांत यश आले तरीही, नुकसान होऊ शकते. ते काय असेल ते फासे उचलण्याआधी बोलून घ्यावे.’

शनवारपेठ
क्थुलूच्या रकान्यात दोन ओळी वाढवा. लढाईतली दानं, नशिबाचं दान आणि सॅनिटीचं (मानसिक तोलाचं) दान रेटता येत नाही. आणि नशीब खर्चायचा ऐच्छिक नियम वापरत असाल, तर रेटलेल्या दानावर नशीब खर्चता येत नाही. ६२ चे ४५ करायला १७ गुण लागतात. ते पहिल्याच दानावर द्यायचे की रेटायचं, हे खेळाडूला तिथेच ठरवावं लागतं.

तीन रंगांच्या फाशांसाठी अप्पा बळवंत चौकातल्या दुकानांत लुडोचे फासे बघा. एकाच रंगाचे मिळाले तर मार्करने खूण करा, पण गुणाचे आणि कौशल्याचे फासे लांबूनही वेगळे ओळखू आले पाहिजेत. १ कुठला उचलायचा आणि कुठला नाही, हे त्यावरच ठरतं.