‘साठा उत्तरांची कहाणी’ : यातलं ‘उत्तर’ म्हणजे काय?

अनुवादिका : श्रावणातल्या कहाण्या हिंदीत करतेय. शेवटच्या ओळीवर अडलंय : ‘ही साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरीं सुफळ संपूर्ण.’ मी ‘साठ उत्तर’ लिहिलं, तर संपादक विचारतात, प्रश्न कुठे आहेत? काय लिहू?

माजघर : प्रश्न नाहीतच. जुन्या मराठीत उत्तर म्हणजे बोल. ‘काय म्यां पामरें बोलावीं उत्तरें’ असं तुकोबा म्हणतात, तेव्हा त्यांना कुणी काही विचारलेलं नसतं. साठ बोलांची कहाणी पाच बोलांत सांगून पुरी केली, बस.

वऱ्हाडी : आमची आजी ‘साठा’ म्हणजे साठवण सांगायची. उत्तरांचा साठा. मला तोच अर्थ जवळचा वाटतो.

माजघर : मग ‘पाचा’चं काय करणार? साठां, पाचां ही ‘साठ’, ‘पाच’ या आकड्यांची सामान्यरूपं आहेत. 1962च्या नियमांनी न उच्चारलेले अनुस्वार काढले आणि असे घोळ सुरू झाले. कहाण्या तरी जुन्या लेखनात छापा.

वऱ्हाडी : आजीला अक्षरओळख नव्हती, तिचा अनुस्वार कोणी काढला? कहाणी कानांनी चालत आली आहे. सांगणारीला जो अर्थ लागला तोही अर्थच.

संबळ : देवीच्या गोंधळातलं आख्यान ऐकलंय का कुणी? मुख्य गोंधळी सांगत असतो आणि साथीदार मध्येच अडवून विचारतो, ‘मग काय झालं?’ त्याला उत्तर देत देत कथा पुढे सरकते. मला वाटतं, कहाणीतली ‘उत्तरं’ अशीच आली असतील.

माजघर : पुरावा?

संबळ : लेखी नाही. पण ऐकणारा ‘हं’ म्हणेना की सांगणं थांबतं, हे रात्रभर बसलेल्याला कळतं.

तांदूळमुठी : अगदी! आदित्यराणूबाईच्या कहाणीत राणी मोती घेऊन ऐकणारा शोधत फिरते. मोळीविक्याला सहा मोती देते, सहा स्वतः घेते, मग सांगते. व्रताला सांगणारी पुरत नाही, ऐकणारा लागतोच. आम्हीही मुठीत तांदूळ धरूनच ऐकायचो. आणि शब्द पाहा : ती ‘मनोभावें’ सांगते, तो ‘चित्तभावें’ ऐकतो. हा फरक मुद्दाम असेल?

माजघर : नाही. तालासाठी केलेली जोडी आहे.

तांदूळमुठी : पटत नाही. मग राणीनं चित्तभावें सांगितलेली कहाणी दाखवा.

अनुवादिका : हिंदीत दोन्हीकडे ‘मन से’च लिहून बसलेय मी! आता तेही बदलू का?