दादर म्हणजे जिना की पूल?

शमी: शाळेतल्या मुलांना दादर स्टेशन दाखवायला नेतोय, त्याचं माहितीपत्रक करतेय. मूळ इंग्रजी मजकुरात दादर म्हणजे पूल असं आहे. मी तेच उतरवलं, तर तपासणाऱ्या काकांनी 'पूल' खोडून 'जिना' लिहिलं. काय ठेवू?

रेवदंडकर: जिनाच. आमच्याकडे माळ्यावर जायला लाकडी दादर आहे. पावसाळ्यात फुगतो, तिसरी पायरी करकरते. आजी अजूनही ओरडते, "दादरावरून धावू नकोस!" गुजरातीतही जिन्याला दादरच म्हणतात. पूल कुठून आला?

माहीमकर: जागा बघा ना. माहीम, परळ, वरळी ही वेगवेगळी बेटं, भरतीचं पाणी मध्ये शिरायचं. तिथे ओलांडायला फळ्या टाकल्या असणार, त्यावरून नाव पडलं असं माझं मत.

रेवदंडकर: मत ठीक आहे, पण बोलण्यातला दाखला द्या. माझ्याकडे आजी आहे.

गिरणाकाठ: आमच्या खान्देशात दादर म्हणजे रब्बीची ज्वारी! काळ्या जमिनीत नुसत्या ओलीवर येते. तिची भाकरी खाल्लेला माणूस दुसरं पीठ मागत नाही. तिचा या दादरशी संबंध आहे का?

शमी: ज्वारीचं नंतर बघू. मग दादर स्टेशनातल्या पुलाला मी काय लिहू, पादचारी पूल?

मधलाब्रिज: तिथे कोणीही पादचारी पूल म्हणत नाही. "मधल्या ब्रिजवर ये" म्हणतात. मुलांना तेच कळेल.

माहीमकर: म्हणून छापायचंही तेच? मग टिळक पुलालाही टिळक ब्रिज लिहा. 'पादचारी पूल' चांगला शब्द आहे, रोज उद्घोषणेत ऐकू येतो, तो आपणच का टाकायचा?

मधलाब्रिज: टिळक ब्रिजच म्हणतात की!

परळवाली: जिना आणि पूल यांत घोळ करू नका, एवढंच सांगते. 29 सप्टेंबर 2017 ला एल्फिन्स्टन रोडला, म्हणजे आताच्या प्रभादेवीला, चेंगराचेंगरीत 23 माणसं गेली ती पुलाच्या जिन्यावर. मी रोज तिथूनच चढते. चालत्या गर्दीत पूल आणि जिना वेगळे असतात.

शमी: हे पत्रकात घेते. आणि फलाटांचे क्रमांक?

मधलाब्रिज: डिसेंबर 2023 पासून पश्चिम रेल्वेचे 1 ते 7, मध्य रेल्वेचे 8 ते 14. पण 'फलाट' लिहू नका, प्लॅटफॉर्म लिहा.

माहीमकर: फलाटच लिहा! तो शब्द आपल्या तोंडात बसून किती पिढ्या झाल्या.

गिरणाकाठ: भुसावळला आम्ही फलाटच म्हणतो. ज्वारीचं कोणी सांगेल का?