मदत हवी आहे: फिडिकमधली २८ दिवसांची नोटीस

नमस्कार मंडळी. आतापर्यंत आमची कामं पीडब्ल्यूडीच्या बी-१ (टक्केवारी दर) नाहीतर बी-२ (आयटम रेट) करारांवर झाली. आता नागपूरला मिहानकडे एका खासगी कामात सबकॉन्ट्रॅक्टर आहोत आणि मुख्य करार फिडिकच्या (सल्लागार अभियंत्यांचा आंतरराष्ट्रीय महासंघ) रेड बुकचा, म्हणजे त्यांच्या बांधकाम कराराच्या ठरावीक नमुन्याचा, तोही १९९९ च्या आवृत्तीचा. त्याच्याच अटी जशाच्या तशा आमच्याही गळ्यात.

अडलंय कलम २०.१ वर. घटना कळल्यापासून २८ दिवसांत नोटीस नाही, तर मुदतवाढ नाही आणि जादा पैसेही नाहीत. मालकाच्या क्लेमला मात्र ‘शक्य तितक्या लवकर’ एवढंच! २०१७ च्या आवृत्तीत दोघांनाही २८ दिवस केलेत, पण आमच्या नशिबी जुनीच.

ड्रॉइंग उशिरा येतात, हे दर साइट मीटिंगच्या मिनिट्समध्ये येतं. तेवढी नोंद नोटीस म्हणून धरतात, की कलमाचा उल्लेख करून वेगळं पत्र हवंच? आणि करार कायद्याच्या कलम २८ पुढे (हक्कासाठी दाद मागण्यावर बंधन घालणारे करार रद्द ठरवणारं कलम) ही २८ दिवसांची अट टिकते का? एक वकील हो म्हणतात, दुसरे नाही. लवादात हा मुद्दा प्रत्यक्ष लढवलेलं कोणी असेल तर सांगा राजेहो. नोटिशीचा मराठी-इंग्रजी कसलाही नमुना चालेल.